शिट्टी आणि कंदील

आतल्या खोलीतली ट्यूब गेली तेव्हा मी सहा माणसांना गोल टेबलाभोवती बसवत होते. अ हा ड च्या बरोबर समोर, ब हा ड च्या लगेच उजवीकडे, आणि फ ला काही केल्या इ च्या शेजारी बसायचं नव्हतं. पुस्तक ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं. सकाळची धुणीभांडी झाली की माझा अभ्यास असा उभ्याउभ्याच चालतो. ट्यूब एकदा फडफडली, टोकांशी लालसर झाली आणि विझली. आमच्या आतल्या खोलीला खिडकी आहे, पण ती डक्टकडे उघडते. तिथे दिवसाही ट्यूब लागतेच. त्या राखाडी उजेडात तात्या, माझे सासरे, पलंगावर बसलेले दिसत होते, आणि खाली फरशीवर पूर्वा, माझी अडीच वर्षांची मुलगी, दाराकडे पाठ करून स्टीलच्या वाट्या एकात एक घालत होती. "पूर्वा, घाबरू नको हं, लाइट गेला," मी म्हटलं, आणि सवयीने माझा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. टक टक. ट्यूब लागली नाही. पूर्वा वळली नाही. "पूर्वा." टक टक. "पुरूऽ." तिने एक लहान वाटी उचलली, डोळ्यांजवळ नेली, मोठ्या वाटीत ठेवली. मी पुन्हा पुस्तकात पाहिलं. फ ला ब च्या शेजारी बसवलं. मागच्या पानावर उत्तर पाहिलं तर बरोबर होतं. आणि मग मी तशीच ओट्याला धरून उभी राहिले, कुकरची शिट्टी झाली तरी.

बटणाचं सांगायला हवं. तात्यांची सगळी नोकरी पत्रे ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये गेली. दिवसभर डोक्याशी प्रेस आदळत राहायचा आणि ही माणसं कानात कापसाचे बोळे घालून पत्रा सरकवत राहायची. निवृत्त होईस्तोवर त्यांचे दोन्ही कान गेले. अगदी पूर्ण नाही. समोर उभं राहून ओरडलं आणि ओठ दिसले तर कळतं. कानाचं मशीन आहे, पण ते डबीत असतं, कारण घातलं की त्यांना म्हणे फक्त पंखा ऐकू येतो. आमचं खडकीचं हे घर बांधणाऱ्याने आतल्या खोलीचं बटण चुकून बाहेर, स्वयंपाकघराच्या भिंतीवर काढलं. त्या चुकीचा माझ्या सासूबाईंनी उपयोग करून घेतला. मी लग्न होऊन यायच्या आधीच त्या गेल्या, पण त्यांची पद्धत राहिली. बटण दोनदा दाबायचं, म्हणजे आतला उजेड लुकलुकतो, आणि सोबत हाक मारायची: "अहो, जेवायला!" हाकेचा उपयोग नव्हता, पण माणसाला नुसतं बटण दाबून बोलवायचं म्हणजे बरं दिसत नाही, असं त्या म्हणायच्या. धम्मदीप, माझा नवरा, याच घरात वाढलेला. त्याचा हात आणि तोंड एकदमच चालतं. माझंही तसंच झालं. माहेरी येरवड्याला गेले तरी भावाला हाक मारताना माझा हात भिंत चाचपतो आणि आई हसते. पूर्वा या घरात रांगायला शिकली, याच खोलीत, तात्यांच्या पायाशी. तिला या घरात कुणी कधी नुसती हाक मारलीच नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, काय चुणचुणीत पोरगी आहे, एका हाकेत वळते.

एका हाकेत वळते. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय. कारण ती बोलत नव्हती. 'आ' म्हणायची, 'बा' म्हणायची, हाताला धरून ओढत न्यायची, आणि बोलत नव्हती. माझी नणंद दीपाली दापोडीहून यायची आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणायची, "वहिनी, आई चोवीस तास पुस्तकात तोंड घालून बसल्यावर पोरगी बोलणार कुणाशी? पर्याय क्रमांक तीनशी?" सगळे हसायचे, मीही. धम्मदीप म्हणायचा, "अगं, मीपण उशिराच बोललो. तात्या सांगतात ना." मी म्हटलं होतं, "तात्यांना काय ऐकू येत होतं, तू बोललास की नाही ते?" तेव्हाही सगळे हसले, आणि तात्याही हसले, कारण सगळे हसले की तेही हसतात. रात्रपाळ्या करून आलेला नवरा, कान गेलेला सासरा, न बोलणारी मुलगी आणि गोल टेबलाभोवती बसलेली सहा माणसं. कधी कधी वाटायचं, या घरात बोलणारी मी एकटीच आहे आणि मीही मनातच बोलतेय. तात्यांना मात्र पूर्वाचं कधी काही वाटलं नाही. त्या दोघांचं सगळं हातांनी चालायचं. पाणी, वाटी, खिडकीतलं कबूतर, पुरे, अजून. ते तिला मांडीवर घेऊन मोठ्याने, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "या घरात ही एकटीच माझ्यावर खेकसत नाही!" आणि ती त्यांच्या हलणाऱ्या हनुवटीवर बोट ठेवून बघत बसायची.

वकील हो हेही तात्यांचंच. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझं लग्नातलं कौतुक झालं ते बी.ए. झालेली सून म्हणून, आणि त्याच संध्याकाळी तात्या मला म्हणाले होते, "पुढं कायदा कर." मला वाटलं, आपल्या घरांतून म्हणतातच सगळे. त्यांचं कारण वेगळं होतं. कान गेल्याबद्दल त्यांनी एकदा दावा लावला होता. सुनावणीला एकटेच गेले. साहेब टेबलामागे बसलेला, मान खाली घालून लिहीत होता, ओठ दिसत नव्हते. त्याने काहीतरी विचारलं. तात्यांना वाटलं, नाव बरोबर आहे का म्हणून विचारतोय. त्यांनी मान हलवली. साहेबाने विचारलं होतं, मी बोलतोय ते ऐकू येतंय ना? दावा तिथेच संपला. "माझ्या बाजूला बसून, तात्या, हे असं विचारतायत, असं सांगणारं कुणी नव्हतं," ते मला म्हणाले. "तेवढंच काम आहे वकिलाचं." त्यांची ती हललेली मान मी कधी पाहिली नाही, पण अभ्यासाला बसले की ती माझ्या डोळ्यांसमोर असते. ट्यूब गेली त्या दिवसापासून ती मान आणि पूर्वाची पाठ एकमेकींत मिसळायला लागल्या. दोघांनी बरोबर वेळेला बरोबर हालचाल केली होती. पाहणाऱ्याचं समाधान झालं होतं.

धम्मदीप म्हणाला, "उद्या क्लासला जातेच आहेस बुधवार पेठेत, तर तिथूनच ट्यूब घेऊन ये, स्वस्त पडते." म्हणून रविवारी मी मनपापर्यंत बस आणि पुढे चालत गेले. आमचा क्लास पुस्तकांच्या दुकानांवरच्या मजल्यावर, पायऱ्यांवर गाईडांचे गठ्ठे, खिडकीतून दगडूशेठच्या गर्दीचा गजर. कायद्याची प्रवेश परीक्षा आठवड्यावर आलेली. श्यामसुंदर सर तर्कशास्त्र शिकवतात आणि अपमानही तितक्याच शांतपणे करतात. त्यांचे नियम दोन. एक, बाहेरचं ज्ञान आत आणायचं नाही. "विधानात म्हटलं असेल की सगळे हत्ती कारकून आहेत, तर आहेत. आपली हत्तींशी ओळख असेल तर ती घरी ठेवावी." आणि दुसरा, एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. "चुकीच्या उत्तराला आपल्याकडे गुण कापत नाहीत. तरी जो रिकामं सोडतो तो एकतर विरक्त असतो किंवा भित्रा. विरक्त माणसं या क्लासची फी भरत नाहीत." त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली व कंदील हलवला. गाडी थांबली. निष्कर्ष: गाडी शिट्टीमुळे थांबली. निश्चित खरा, निश्चित खोटा, की माहिती अपुरी? "मॅडम, आपण," सर मला म्हणाले. "माहिती अपुरी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आला. "शाब्बास. वर्गात एक तरी माणूस जागा आहे. माहिती अपुरी. दोन गोष्टी एकदम झाल्या, मग गाडीच्या चालकाने काय ऐकलं आणि काय पाहिलं हे आपल्याला काय ठाऊक?" कुणीतरी मागून विचारलं, मग ठाऊक करून घ्यायचं कसं, सर? ते फळा पुसायला वळलेच होते. "सोपं आहे. कंदील विझवा आणि नुसती शिट्टी वाजवा. पण ते परीक्षेत येत नाही. तेवढं धाडस तिथं कुणी मागत नाही."

येताना मी दुकानातून ट्यूब घेतली. खाकी पुठ्ठ्याच्या नळीत घातलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. बसमध्ये ती मांडीवर आडवी धरता येईना म्हणून उभी धरून बसले, आणि शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "जपून गं बाई, फुटली की सगळा उजेड सांडायचा." मी हसले. बाहेर शिवाजीनगर, संचेतीचा पूल, विद्यापीठाकडे वळणाऱ्या गाड्या, सगळं काचेमागे होतं. मी मांडणी करत होते. ज्यांना ऐकू येतं ती सगळी मुलं हाकेला वळतात. पूर्वा हाकेला वळली नाही. पण 'सगळी' कशावरून? काही मुलं खेळात गुंग असतात. काही हट्टी असतात. काही आईवर रुसलेली असतात, कारण आई पुस्तकाशीच बोलते. मी शिकले होते ते सगळं मला पळवाटा काढायला उपयोगी पडत होतं. एखादी वकील आपल्याच अशिलाविरुद्ध उभी राहावी तसं. तिला ऐकू येत असेल, तर ती माझ्यामुळे बोलत नाही. येत नसेल, तर अडीच वर्षं तिच्यावर डोळे लावून बसलेल्या मला, झोपेत तिचा श्वास मोजणाऱ्या मला, तिच्या प्रत्येक पुरळाचा फोटो काढून ठेवणाऱ्या मला, ते दिसलं नाही. दोन्हींपैकी एक निश्चित खरं होतं. घरी आले आणि ट्यूब नळीतून काढलीच नाही. तशीच आतल्या खोलीच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली.

मग ती अंधारातली दुपार आणि त्यानंतरची. मी दारात उभी राहायचे, पाठमोऱ्या पूर्वाकडे बघायचे, आणि हाक मारायचे. आधी हळू, मग जोरात. ती वळायची नाही, आणि मला वाटायचं, संपलं. आणि तेवढ्यात ती वळायची, आणि मला रडू फुटायचं, आणि मग लक्षात यायचं की तात्यांनी मला पाहून मान वर केली होती आणि ती तात्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ताटावर चमचा आपटला, ती वळली. पण मी वाकले होते, माझी सावली पुढे गेली होती. कुकरची शिट्टी झाली. तिने वर पाहिलं. पण वाफेचा वास आला असेल, भूक लागली असेल. प्रत्येक वेळी एक शिट्टी आणि एक कंदील, आणि मी कंदील विझवत जात होते, एकेक करून. माझी सावली, माझा वास, तात्यांचा चेहरा, पायांखालची फरशी. आणि प्रत्येक विझवलेल्या कंदिलाबरोबर माझ्या आत काहीतरी काळोखं होत होतं. तात्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं तर त्यांनी विचारलं, "मला का हाकललंस?" "केर काढायचाय, तात्या!" मी ओरडले. वरच्या मजल्यावरच्या वेणूबाई जिन्यातून म्हणाल्या, "हल्ली सारखाच केर काढतेय हो सूनबाई." धम्मदीप पाळीवरून आला, अंधाऱ्या खोलीत पलंगाला ठेचकाळला आणि वैतागला. "ट्यूब आणलीस ना? मग लावत का नाहीस? दे, मी लावतो." "राहू दे," मी म्हटलं. "राहू दे काय? तात्यांना पेपर वाचता येत नाहीये." "राहू दे म्हटलं ना." तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याला दारात उभा केला आणि म्हटलं, "हाक मार तिला." त्याचा हात बटणाकडे गेला. मी तो हात धरला, दोन्ही हातांनी धरून ठेवला. "नुसती हाक मार." त्याने मारली. मग परत मारली. परत मारताना त्याचा आवाज बदलला होता. तो धरलेला हात हळूहळू जड होत गेलेला मला कळत होता. तो म्हणाला, "दमली असेल." मी त्याचा हात सोडला. तो म्हणाला, "तुझी परीक्षा होऊ दे. मग बघू." आणि आम्ही दोघंही तो प्रश्न रिकामा सोडून जेवायला बसलो.

भाताचा घास तोंडात घेतला आणि सरांचं वाक्य आठवलं, विरक्त किंवा भित्रा. सकाळी मी पूर्वाला कडेवर घेतलं आणि हॉस्पिटल गाठलं. कान तपासायची खोली म्हणजे पेटीच. भिंतींना मऊ करड्या गाद्या, दार बंद झालं की आपल्याच रक्ताचा आवाज येतो. तपासणारी मुलगी माझ्याहून लहान असेल. ती काचेपलीकडे बसणार होती. तिने मला समजावलं. बाळाला मांडीवर घ्या. या बाजूने आवाज येईल, आणि पाठोपाठ इथे ही पेटी उजळेल, आत माकड आहे, ते टाळ्या वाजवतं. मुलांना पटकन कळतं की आवाज आला म्हणजे माकड दिसणार. मग ती नुसत्या आवाजालाच वळतात. "आणि आई, तुम्ही हे घाला." तिने माझ्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, त्यात नुसती खरखर होती. मी विचारलं, मला का? ती म्हणाली, "तुम्हाला आवाज आला की तुमचं अंग हलतं. थोडंसंच, पण मुलांना तेवढं पुरतं. आईच्या अंगावरून ती सगळं ओळखतात." दार लागलं. मी खरखरीत बुडाले. मांडीवर पूर्वाचं ऊबदार वजन, तिच्या केसांचा खोबरेल वास. मला आवाज कधी येतोय कळत नव्हतं, कळू द्यायचंच नव्हतं. मी दगड झाले. डावीकडे पेटी उजळली, माकडाने टाळ्या वाजवल्या, पूर्वा झटकन वळली आणि सगळ्या अंगाने हसली. परत उजळली. परत वळली. उजवीकडे उजळली, वळली. किती आनंदात होती ती. हे तर तिच्या घरचंच होतं. कुणीतरी अखेर तिला तिच्या भाषेत हाका मारत होतं. मला क्षणभर, वेड्यासारखं, वाटलं की ही पास होतेय. मग मी काचेपलीकडे पाहिलं. ती मुलगी बटणं फिरवत होती, थांबत होती, पूर्वाकडे बघत होती, पुन्हा थोडं फिरवत होती. मध्ये बराच वेळ पेटी उजळली नाही. पूर्वा पेटीकडे नाही, माझ्या ओढणीच्या टोकाकडे बघत होती. तेवढ्या वेळात त्या गादीच्या भिंतींमध्ये काय काय वाजून गेलं, ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं नाही. मग तिने दार उघडलं, माझे हेडफोन काढले, आणि बसण्यासाठी स्टूल ओढलं. "आई, तुमची मुलगी खूप हुशार आहे," ती म्हणाली. "ती दिव्याला वळते." मग आणखी एक तपासणी सांगितली, झोपवून करायची, म्हणजे कुठे किती ते नक्की कळेल. मशीन, शस्त्रक्रिया, शिकवणी, ती बरंच काही बोलली आणि शेवटी म्हणाली, थोडं आधी आला असता तर. मी मान हलवली. मी काय ऐकलं आणि कशाला मान हलवली, मला सांगता येणार नाही.

येताना पूर्वा खिडकीला नाक लावून बसली होती. रिक्षावाल्यांचे हॉर्न, कंडक्टरची घंटी, मागे कुणाचं तरी मोबाइलवरचं भांडण. मी एकेक आवाज ऐकत होते आणि एकेक तिच्या बाजूने खोडत होते. बॅगेत परीक्षेचं प्रवेशपत्र होतं, कालच काढून आणलेलं. त्याच्याबद्दल मला काहीच वाटत नव्हतं. जाईन बहुतेक. सहा माणसं टेबलाभोवती बसवता येतात मला, फ ला इ पासून दूर ठेवता येतं. तेवढं येतं.

घरी तात्या आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून होते, अंधारातच. धम्मदीप पाळीला गेला होता. मी पूर्वाला खाली सोडलं. ती वाट्यांकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. तात्यांनी मला दारात पाहिलं आणि हाताने विचारलं, कुठे गेली होतीस? मी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. पुठ्ठ्याची नळी भिंतीला तशीच टेकलेली होती. मी त्यांच्या जवळ गेले, गुडघ्यांवर बसले. हळू म्हटलं, "तात्या." ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पण उजेड नव्हता, ओठ दिसत नव्हते. त्यांनी कानामागे हात धरला. या घरात कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही, हे मला माहीत होतं, पण इतकं माहीत नव्हतं. मी छातीत हवा भरली. "पूर्वाला ऐकू येत नाही!" मी ओरडले. डक्टमधलं कबूतर फडफडून उडालं. वर वेणूबाईंच्या हातून काहीतरी घरंगळलं, आणि मग वरच्या घरात एकदम शांत झालं. तात्यांचे डोळे माझ्यावर होते. पलीकडे फरशीवर पूर्वाने सगळ्यांत लहान वाटी उचलली, डोळ्यांजवळ नेली, आत बघितलं, आणि मोठ्या वाटीत नीट बसवली.

तात्यांनी कानामागचा हात आणखी पुढे आणला. त्यांची मान हलली नाही या वेळी. "काय?" ते म्हणाले. "पुन्हा सांग."